बिनदुधाचा पैलवान

कोल्हापूर,
माघ वद्य तृतीया, शके १८३४

चि. सौ. बनाबाईस चिमणाक्काचा आशीर्वाद.

तुझा जोतीराम जिंकला. हे तुला माझ्याआधी कळलं असणार, कारण मैदानातून निघालेली हलगी-ताशावाली मंडळी थेट तुमच्या कोडोलीच्या रस्त्यालाच लागली. पैलवान बैलगाडीत उभा, डोक्यावर सरकारी फेटा, गुलाल नाकातोंडात. मावशीचं, म्हणजे माझं, घर तालमीच्या मागच्या बोळात. बोळात गाडी वळत नाही, म्हणून मावशी राहिली. मी आरतीचं ताट घेऊन दारात उभी होते. निरांजन विझलं तसं ताट आत ठेवलं आणि भाकरी थापायला बसले.

राग आलाय म्हणून लिहिते. गोड लिहायला मला येत नाही, तुला माहीत आहे.

बायकांनी मैदानात जायचं नसतं, म्हणून मी आणि खैरुनबी बाहेर चिंचेखाली बसलो होतो. खैरुनबी म्हणजे चमनची आई. तिचाच चमन आत तुझ्या जोतीरामासमोर उभा होता. दोघींचे कान भिंतीला. मोठी आरोळी उठली, पण कुणाची ते कळेना. मग जोतिबाचं 'चांगभलं' ऐकू आलं तशी ती म्हणाली, "जावा बाई, तुमचं झालं." आणि पदर झटकून उठली. तिनं पोराच्या दंडाला गैबी पिराचा गंडा बांधला होता. जाता जाता मला विचारते, "मग तुमच्या देवानं आमच्या पिराला पाडलं म्हणायचं का वं?"

मी म्हटलं, "न्हाय ग. माझ्या बदामानं तुझ्या बदामाला पाडलं."

तेवढीच हसली बिचारी.

आतलं मला आमच्या ह्यांनी घरी येऊन सांगितलं. फेटा बांधून झाल्यावर कुणीतरी विचारलं, "पैलवान, हा ढाक डाव कुणी शिकवला?" तर तुझ्या पोरानं दोन्ही हात वर केले. "माझं काय न्हाय. सगळं जोतिबानं केलं. आईनं नवस बोललाता." ज्यानं ढाक शिकवली तो वस्ताद, म्हणजे हेच, हाताच्या अंतरावर उभा होता, बने! हे मला म्हणाले, "पोरगं हाय, जाऊ दे." मी जाऊ देत नाही.

पहाटे ह्याला जोर काढायला देव उठवत होता का? आखाड्याची माती देवानं खणली, तिच्यात ताक आणि तेल देवानं ओतलं? बदाम भिजवायचे, सोलायचे, पाट्यावर गंधासारखे वाटायचे. माझ्या मनगटाला विचार देव कुठं होता. तुझ्या घरून आला तेव्हा त्याला नाक पुसता येत नव्हतं. मला मूलबाळ नाही म्हणून तू दिलास, मी घेतला. आता मान एवढी जाड झाली की माझ्या दोन हातांत मावत नाही, आणि म्हणे माझं काय नाही.

आणि हेही सांग. हा जिंकला तो देवानं जिंकवला, तर चमनला कुणी पाडलं? त्यांच्या घरी म्हणतात, पाय घसरला. म्हणजे जिंकलं की देव आणि हरलं की पाय. बरं काम आहे की देवाचं! हरल्याचं गाठोडं त्याच्या दारात कुणी नेऊन टाकत नाही.

पिराजी गाडीवान गूळ उतरवून मोकळा परत निघालाय, त्याच्याजवळ हे देते. पैलवानाला विचार, तालमीत कधी येणार.

विझलेल्या ताटाची मालकीण,
चिमणाक्का


कोडोली,
माघ वद्य नवमी, शके १८३४

तीर्थस्वरूप सौ. आक्कांचे चरणी बनाबाईचा शिरसाष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

आपले पत्र पावले. बनाबाईंस मी वाचून दाखविले. काही मजकूर देवाविषयी कठोर होता, तो हळू वाचला.

श्रींच्या कृपेने चि. जोतीरामास यश लाभले. हंबीरराव वस्तादांची मेहनत व आपले कष्ट कोणी नाकारीत नाही. परंतु मनुष्य निमित्तमात्र. बनाबाईंनी नवस केला होता की, कुस्ती होईपर्यंत मुलाने दूध वर्ज्य करावे आणि घरच्या म्हशीचे दूध रोज देवळात वाहावे. मुलाने नियम कडक पाळला. पैलवान दुधावर जगतो, हे लहान पोरही जाणते. असे असता बिनदुधाचा पैलवान कुस्ती मारतो, हे दैवी कृत्य नव्हे तर काय? पंचक्रोशीतून माणसे त्यास पाहावयास येत आहेत. त्याने परवा देवळात सर्वांसमक्ष आजन्म दूध वर्ज्य केले.

चैत्री यात्रेपूर्वी उत्तरेकडील एका मोठ्या मल्लाशी त्याची कुस्ती ठरली आहे. तोवर तो आईजवळच राहील, गावच्या तालमीत मेहनत करील व दर रविवारी डोंगरावर श्रींच्या दर्शनास जाईल. तरी काळजी नसावी.

ताट विझलं त्याचं लई वाईट वाटलं, असं लिहा म्हणतात, म्हणून लिहिले आहे.

लेखक आकाराम गुरव याचाही नमस्कार घ्यावा.


कोल्हापूर,
माघ वद्य द्वादशी, शके १८३४

आकाराम गुरवा, तुझं अक्षर मोत्यासारखं आहे. इथवर वाच आणि कागद बनीच्या हातात दे. पुढचं बायकांचं दुखणं-खुपणं आहे, तुझ्या कामाचं नाही.

बने, आता तू एकटी वाच. मडमेच्या शाळेत आपण दोघी एका पाटीवर शिकलो. तुला अक्षर लावत लावत येतं, कंटाळा म्हणून गुरवाला देतेस. चुलीपुढं बस. भाकरी करपली तर करपू दे.

तुझा पोरगा बिनदुधाचा जिंकला नाही.

तुझ्या नवसाचा निरोप आला, तेव्हा तो माझ्यापुढं येऊन उभा राहिला. "मावशी, आजपासनं दूध बंद. आईनं नवस केलाय." मी विचारलं, "आणि तूप?" म्हणाला, "गुरव म्हणतोय, तूप चालतंय." तूप काय झाडाला लागतं, बने? पण थोडे दिवस बघितलं. मग एका सकाळी बैठका मारताना त्याच्या मांड्या थरथरायला लागल्या आणि ह्यांनी त्याला मधेच थांबवलं. थांबवलं म्हटल्यावर तो खाली मान घालून आखाड्याच्या कडेला बसला. ते मला बघवलं नाही.

त्या दिवसापासून मी दूध आटवून बदामाच्या वाटणात घालायला लागले. वर खसखस, मिरी, वेलदोडा, बडीशेप सढळ. पांढऱ्यात पांढरं, कुणाला कळतंय! पहिला घोट घेऊन मला म्हणतो, "मावशी, बदाम जास्ती घातलंस काय?" मी म्हटलं, "व्हय." कणीक दुधात मळली. लाडवात खवा घातला. आधी पीत होता त्याच्यापेक्षा जास्त दूध त्याच्या पोटात गेलं. हा तुमचा बिनदुधाचा पैलवान, आणि ह्याला बघायला माणसं येतात!

देवाला फसवलं म्हणशील. मी फसवलं, पोरानं नाही. जे व्हायचं ते माझं होऊ दे.

हे मला भर मैदानात ओरडून सांगायचं होतं. जीभ दाताखाली धरली. त्याला कळलं तर त्याच्या मनातलं बळच जाईल. नवस मोडला ह्या भीतीनंच तो पाठ टेकेल. म्हणजे बघ माझी गत. दूध माझं, नाव देवाचं, आणि तोंडाला कुलूप मीच घातलेलं.

पण आता तुझ्याकडे तो खराखुरा बिनदुधाचा राहणार. समोरचा गडी केवढा आहे, ह्यांनी बघितलाय. आमच्या तालमीत एकजण असाच उपास धरून मोठ्या गड्याशी लढला होता. त्याची मान अजून एका खांद्यावर आहे. ढेकूळसुद्धा उचलू शकत नाही.

म्हणून ऐक. पोराला परत पाठव. पाठवायचा नसेल तर मी सांगितलं तसं कर. दूध निम्म्याला आणायचं, साय मोडायची नाही. बदाम कडू निघाला तर फेकायचा. वाटण बोटाला खरबरीत लागता कामा नये. मिरी शेवटी. त्याच्यासमोर वाटायचं, पण दूध आधीच वाटीत असायला पाहिजे.

नाव तुझं होऊ दे, देवाचं होऊ दे. हाडं तेवढी जाग्यावर राहू देत.

चिमणाक्का


कोडोली,
फाल्गुन शुद्ध चतुर्थी, शके १८३४

तीर्थस्वरूप सौ. आक्कांस बनाबाईचा नमस्कार.

पत्र पावले. सांगितल्याप्रमाणे पुढील मजकूर मी वाचला नाही. बनाबाई सांगतात ते लिहितो.

मुलगा इथेच राहील. इतकी वर्षे तुमच्याकडे होता, आता चार दिवस आईजवळ राहिला तर मावशीने मनाला लावून घेऊ नये. तुमच्या मनात हेवा आहे, तो पत्रात दिसतो. देवाच्या कामात माणसाने हात घालू नये. त्याच्या मनात असेल तसे होईल. यापुढे असली पत्रे पाठवू नयेत.

कळावे.


कोल्हापूर,
फाल्गुन शुद्ध दशमी, शके १८३४

बने,

हेवा आहे. गुरवाकडून मोठ्यानं वाचून घे, मला लाज नाही.

तुझा हेवा नाही. तू त्याची आई, तुझा मान आहेच. मला हेवा आहे त्या डोंगरावरच्याचा. तो काही न करता बसलाय. त्याला पहाटे उठायचं नाही, तेल तापवायचं नाही, पोराचा खांदा उतरला तर रडणं ऐकायचं नाही. आणि पोरगा त्याच्याकडे बघून डोळ्यात पाणी आणतो. माझ्याकडे बघून आजवर काय म्हणाला? "मावशी, मीठ कमी पडलंय."

एवढी वर्षं मी त्या एका वाक्यावर काढली. कधी कधी मुद्दाम मीठ कमी घालत होते.

तू ऐकायचं नाही म्हटलंस, बरं. पिराजीजवळ बदामाची पिशवी देते. सगळे निवडलेले आहेत. बदामाला तरी तुझ्या देवाची हरकत नाही ना? गुरवाला विचारून घे.

मी त्या दिवशी चिंचेखाली जाणार नाही. ह्यांना सांगितलंय, तुम्ही जावा, मला काही येऊन सांगू नका.

चिमणा


कोल्हापूर,
फाल्गुन वद्य दशमी, शके १८३४

बने,

जिंकला.

मी चिंचेखाली गेले होते. पाय गेले, मी काय करू! खैरुनबी तिथं आधीच बसलेली. तिच्या चमनची कुस्ती नव्हती. मी विचारलं, "तू का ग आलीस?" म्हणाली, "तुमी एकट्या बसशीला म्हणून." मग आम्ही दोघींनी मिळून भिंतीला कान लावले. कुस्ती लई वेळ चालली. आत एकदम सगळं शांत झालं तेव्हा तिनं माझा हात धरला. मी म्हटलं, "मान गेली." तेवढ्यात टोप्या आणि पागोटी भिंतीवरून उडाली.

ह्यांना मीच विचारलं, काही सांगू नका म्हटलं होतं तरी. "अंग कसं हुतं त्याचं?" म्हणाले, "दगड." मी म्हटलं, "थरथरला का कुठं?" म्हणाले, "समोरचा थरथरला."

आणि पुन्हा तेच. हात वर, सगळं देवानं केलं.

बने, मी भांडायला लिहीत नाही. माझ्यात भांडण उरलं नाही. तू दूध दिलं नाहीस आणि तो दगडासारखा उभा राहिला. मग मागच्या खेपेला माझं दूध कशाला होतं? त्याच्या आधीची एवढी वर्षं कशाला होती? एखाद्या घरात राबून राबून म्हातारं व्हावं आणि घरच्यांनी म्हणावं, अगं, तुझ्यावाचून काही अडत नव्हतं की. तसं झालंय मला.

खैरुनबीला एवढंच म्हटलं की, देवानंच केलं असंल बाई. तिनं माझ्या कपाळाला हात लावला. म्हणाली, "तुमाला ताप आलाय का?"

पाटा धुऊन भिंतीला उभा करून ठेवलाय. तुझा देव जिंकला, त्याला सांग.

चिमणा


कोडोली,
चैत्र शुद्ध तृतीया, शके १८३५

आक्का,

ह्ये माझं अक्षर हाय. हसू नगंस. पाडव्यापासनं लिवायला बसलीया.

तुझं ते दुधाचं पत्र मी चुलीपुढं बसून वाचलं. दोन भाकरी करपल्या. वाचून झाल्यावर तुझा असा राग आला की कागद चुलीत घातला. मग पोराकडं बघितलं. डोंगरावरनं आलाता. उंबऱ्यावर बसून वाहाण सोडत हुता आणि सोडता सोडता दम खात हुता. 

तुला त्ये कडू पत्र गुरवाकडनं लिवलं, तवा जोतीराम माझ्या मांडीला मांडी लावून बसलाता. त्यानंच इचारलं, मावशीनं काय लिवलंय. मी दुसरं काय बोलनार! गोड बोलले असते तर त्यो उठून तुझ्याकडंच आला असता. त्येबी नको हुतं मला. खरं सांगते. लई वर्सांनी माझ्याजवळ झोपत हुता.

आनि मी वाटलं. तू सांगितलंस तसंच. पैल्या दिवशी म्हटलं, देवा, माझ्याकडं बघू नगंस, आक्काकडं बघ, तिनं शिकवलंय. म्हशीचं दूध देवाचं हुतं, मग आनू कुठनं? देवाच्या तांब्यात निम्मं पानी घातलं. देव काय बोलला न्हाय. आकाराम गुरव तेवढा म्हनाला, "बनाबाई, म्हशीला काय खायाला घालतीस? दूध लई पातळ यायलंय."

आता खरी गोष्ट सांगते. जोतीरामानं पैली वाटी तोंडाला लावली आनि थांबला. म्हनाला, "आई, ह्यो वास मावशीच्या हाताचा हाय." मला वाटलं, संपलं. म्हटलं, "बदाम तिनंच धाडल्यात." तर म्हनाला, "तरीच." आनि गटागटा प्याला.

आक्का, त्यो "तरीच" म्हनाला तवा तुझी मान मुरगाळावी वाटली. पोर मी जल्माला घातलं, वाटलं मी, देवाचं पाप घेतलं मी, आनि वास तुझा!

कुस्ती मारून आला तवा वेशीत त्याला खांद्यावरनं उतरवलं. हात वर करून म्हनाला, सगळं जोतिबानं केलं, आईचा नवस पावला. बायका माझ्या पाया पडाय लागल्या. आक्का, माझं मनगाट सुजून एवढं झालंतं. मला वरडून सांगावं वाटलं, नवस न्हवं रं, पाटा, पाटा! पर पाया पडून घेतलं.

तुझं ताट कसं इझलं, त्ये मला तवा कळलं.

मी देव सोडला न्हाय. सोडनारबी न्हाय. पर आता त्याच्याफुडं हुबी ऱ्हायले की वाटतं, त्याला सगळं ठावं हाय आनि त्यो मान घेऊन गप बसलाय. माझ्यासारखाच.

पाटा आडवा कर. पोरगं यात्रेआधी तुझ्याकडं यायलंय. जल्मभर दूध सोडलंय म्हनतोय.

बनी


कोल्हापूर,
चैत्र शुद्ध एकादशी, शके १८३५

बने,

देवाच्या तांब्यात पाणी घालतेस! मी नुसतं पोराला फसवलं, तू तर देवाला आणि गुरवाला एका तांब्यात फसवलंस. नरकात जाशील. मी आधी जाऊन जागा धरते. तिथं वाटायचं मी, तू नुसतं सोलायचं. तुझं वाटण खरबरीत असणार.

पत्र वाचून मी एवढी हसले की खैरुनबी धावत आली. तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग आमचा चमन तुमच्या देवानं न्हाय, तुमी पाडला." मी म्हटलं, "आधीच सांगितलं हुतं की तुला." आता ती आटवायचं कसं ते विचारते. सांगू का नको, ह्याच्यावर दोन दिवस विचार केला. सांगितलं. पण मिरी कधी घालायची ते नाही सांगितलं.

जोतीराम काल आला. बोळाच्या तोंडाला गाडी सोडली, चालत आला. मी ताट केलं नव्हतं. पाया पडला आणि उठता उठता म्हणाला, "मावशी, आईला जरा शिकीव की. तिचं बदाम तुझ्यागत लागत न्हाईत." मी म्हटलं, "शिकवते." तुला वाईट वाटावं म्हणूनच हे लिहिलं. त्याच्यावर माझे चार दिवस बरे जातील.

मग पाट्यापुढं बसले. तो समोर मांडी घालून बसला, ढाक कशी बसली ते सांगत. ह्यांचं नाव एकदा घेतलं. देवाचं किती वेळा घेतलं ते मी मोजलं नाही. वाटी दिली. एका दमात रिकामी केली, मिशीला लागलेलं मनगटानं पुसलं आणि डोंगर आहे त्या बाजूला वळून हात जोडले.

त्याचे डोळे मिटलेले होते. मी वाटी उचलली. बुडाला साय चिकटून राहिली होती. बोटानं पुसून खाल्ली.

दाट होती, बने.

चिमणाक्का